जीपचा सातबारा

बियाणे उगवले नाही अशी तक्रार घेऊन शेतकरी आला, की मी त्याला आधी पाणी देतो आणि मग विचारतो, "पिशवी, टॅग, पावती आहे?" तीस वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न इतक्या वेळा विचारला आहे, की घरात कोणी भाजी आणली तरी माझ्या तोंडून तोच निघतो, असे आमच्या मंडळींचे म्हणणे आहे. 2020 च्या खरिपात सोयाबीनच्या तक्रारींचा ढीग पडला होता. त्यात एक शेतकरी आला. चार एकरांवर दुबार पेरणीची पाळी. माणूस खरा, नुकसान खरे. बियाणे निळ्या टॅगचे, म्हणजे प्रमाणित होते, हे तो देवाची शपथ घेऊन सांगत होता. पण टॅग चुलीत गेलेला, पावती सदऱ्याच्या खिशात धुतली गेलेली आणि पिशवीचा पत्ताच नव्हता. तक्रार निवारण समितीपुढे मी काय मांडणार? तो उठून गेला. त्याची पाठ मला अजून दिसते.

हे सारे पुन्हा आठवले ते एका जीपमुळे.

माझे आजोळ निफाड तालुक्यातले. 2023 च्या नोव्हेंबरात जी अवकाळी आणि गारपीट झाली, तिने मामेभावाची अडीच एकर द्राक्षबाग झोडपून काढली. घडांत पाणी, पानांची चाळण. बँकेचे कर्ज डोक्यावर. जानेवारीत त्याचा फोन आला. "दादा, शेडमधली जीप विकायची म्हणतो. मुंबईचे एक गृहस्थ येऊन बघून गेले. त्यांना जुन्या गाड्यांचा नाद आहे. म्हणाले, लढाईतली जीप असेल आणि तसं दाखवता आलं तर साडेसहा लाख देतो. नाहीतर सुट्या भागांचा भाव, एक लाख वीस हजार. तू जरा येशील का?"

मी रविवारी गेलो. ही जीप म्हणजे आमच्या बालपणाचे विमान. तिला मागे ट्रॉली जोडून लासलगावला कांदा जायचा आणि गोण्यांवर आम्ही भाचरे बसायचो. 1994 पासून मात्र ती शेडमध्येच होती. बॉनेटवर कोंबड्या, सीटवर ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी.

मामा आता ब्याऐंशी वर्षांचे. जीपची गोष्ट त्यांच्या तोंडून आम्ही शंभरदा ऐकलेली. ही विलीज जीप, ब्रह्मदेशच्या लढाईत गोऱ्या साहेबाने चालवलेली, आणि आजोबांनी ती देवळालीच्या लष्करी लिलावात बोली लावून घेतली. गोष्टीत गोळी लागल्याची खूणही होती. ती पाहायला गावातली पोरे यायची.

मी पहिला प्रश्न विचारला. कोणता, ते सांगायला नको.

मामी पत्र्याची पेटी घेऊन आल्या. तीत खताच्या पावत्या, पंढरीची अबीर-बुक्क्याची पुडी, आजोबांचा चष्मा आणि सर्वांत खाली फडक्यात बांधलेले गाडीचे आर.सी. बुक. कडा वाळवीने खाल्लेल्या, पण मधली पाने शाबूत. ते उघडले आणि पहिल्याच पानावर मामांच्या गोष्टीचे पहिले चाक निखळले. बनावटीच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिले होते, 'फोर्ड'. पहिली नोंद 1949 ची, नाशिकच्या एका ठेकेदाराच्या नावावर. आजोबांच्या नावावर गाडी आली ती 1958 साली.

"म्हणजे लिलाव नाही?" मामेभाऊ म्हणाला.

मामा काही बोलले नाहीत. 1958 साली ते नाशिकला बोर्डिंगात शिकत होते. सुटीत घरी आले तेव्हा जीप अंगणात उभी होती. गोष्ट त्यांनी ऐकली ती ड्रायव्हरकडून. आजोबा मितभाषी, त्यांनी ती कधी खोडली नाही.

आजोबांचे रोजमेळ माळ्यावर होते. 1958 चा सापडायला संध्याकाळ झाली. फाल्गुनातल्या एका पानावर मोडीमिश्रित अक्षरात, खताच्या आणि बैलाच्या नालेच्या खर्चामध्ये एक ओळ होती. जीप घेतली, ठेकेदाराचे नाव, अठ्ठावीसशे रुपये, पैकी हजार कार्तिकात देणे. गोरा साहेब त्या पानावर कुठेच नव्हता.

आता वाचकांना जीपची थोडी माहिती दिली पाहिजे, म्हणजे पुढचे कळेल. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याला जीपा हव्या होत्या. नमुना ठरला तो विलीज कंपनीचा, पण एकट्या विलीजला एवढी मागणी पुरी करणे शक्य नव्हते, म्हणून त्याच नमुन्यावर फोर्डनेही गाड्या काढल्या. दोघांच्या मिळून सहा लाखांवर जीपा झाल्या. विलीजच्या गाडीला एम.बी. म्हणत आणि फोर्डच्या गाडीला जी.पी.डब्ल्यू. दोघींचे भाग एकमेकींना बसत. युद्ध संपल्यावर भारतात राहिलेल्या जीपा सरकारने विकून टाकल्या आणि त्या ठेकेदार, जमीनदार, बागाईतदार यांच्या दारी आल्या. 1947 पासून महिंद्रांनी विलीज जीपची जुळणी आपल्याकडे सुरू केली. त्यामुळे खेड्यांत जुन्या जीपा दोन कुळांच्या आहेत, लढाईच्या आणि नंतरच्या. त्यांच्यात पुढे इतकी सोयरीक झाली आहे, की कुळ ओळखणे कठीण. स्टिअरिंग डावीकडे म्हणून गाडी लढाईतली, असे लोक ठोकून देतात. पण महिंद्रांच्या जीपाही सुरुवातीची कैक वर्षे डाव्या स्टिअरिंगच्याच येत.

देवळाली कॅम्पात एक निवृत्त मिस्त्री राहतात. त्यांना मी पुढच्या रविवारी घेऊन गेलो. वय सत्तरीपुढे, हाताला एक बोट कमी. त्यांनी जीपला एक फेरी मारली आणि म्हणाले, "बॉडी लढाईतली नाही. मागं उघडणारी फळी बघा. लढाईच्या जीपला ती नसते, मागचा पत्रा आखा असतो. पुढच्या जाळीत फटी मोजा. सात. लढाईवालीला नऊ."

मामांचा चेहरा उतरला. मिस्त्री मग खाली सरपटत गेले. बॅटरीच्या उजेडात बराच वेळ खुडबुड झाली आणि आतून आवाज आला, "पण चेसिस अस्सल आहे हो!" विलीजच्या चेसिसमध्ये पुढची आडवी दांडी गोल नळीची असते आणि फोर्डच्या चेसिसमध्ये ती उलट्या पन्हळीसारखी चौकोनी पत्र्याची, हे त्यांनी मला हात लावून दाखवले. जुन्या बोल्टांच्या डोक्यांवर इंग्रजी 'एफ' हे अक्षर उठवलेले होते. फोर्डने आपल्या बारीकसारीक भागांवरही ते अक्षर उठवले होते.

राहिला चेसिस नंबर. फोर्डच्या गाडीत तो डाव्या बाजूच्या चेसिस-पट्टीवर, वरच्या अंगाला, इंजिनाच्या पुढच्या आधारापाशी ठोकलेला असतो. तिथे रंगाचे आणि वंगणाचे बोटभर पुट. मामेभाऊ लगेच ग्राइंडर आणायला निघाला. मिस्त्रींनी त्याचा हात धरला. ग्राइंडर फिरला की रंगाबरोबर आकडेही जातात, आणि घासलेला नंबर दिसला की परिवहन कार्यालय काय, कोणीही चोरीच्या गाडीचाच संशय घेणार. रॉकेलचा बोळा रात्रभर ठेवला. सकाळी पितळी तारेच्या ब्रशाने हलके घासले, वर खडू चोळून पुसला. खडू खोलगट भागात बसला आणि जी.पी.डब्ल्यू. ही अक्षरे पांढरी होऊन वर आली. पुढे आकडे. त्यांवर पातळ कागद ठेवून पेन्सिल फिरवली. एक आकडा तीन की आठ, कळेना. पुस्तकात आठ होता. बाकी सर्व आकडे पुस्तकाशी जुळले.

त्या कागदाकडे पाहताना मला सातबारा आणि फेरफार आठवले. जमीन तीच आहे हे गट नंबर सांगतो, आणि ती कोणाकडून कोणाकडे कशी आली हे फेरफार सांगतो. गाडीचेही तेच. चेसिस नंबर हा तिचा गट नंबर आणि पुस्तकातली मालकांची पाने हे तिचे फेरफार. आमच्या जीपचा 1949 पासूनचा फेरफार अखंड होता. त्याआधीचा नव्हता. ती ब्रह्मदेशात गेली, की देवळालीच्या छावणीत भाजी वाहत राहिली, हे कोण सांगणार?

इंजिनाची कथा आणखी वेगळी. पुस्तकात पेट्रोल इंजिन, नंबर एम.बी. अक्षरांनी सुरू होणारा, म्हणजे विलीजचे इंजिन फोर्डच्या गाडीत. मिस्त्रींना त्याचे काहीच नवल वाटले नाही. कारखान्यातून निघताना फोर्डच्या जीपचा इंजिन नंबर आणि चेसिस नंबर एकच असे, पण लष्कराच्या वर्कशॉपात जे तयार इंजिन हाताशी असेल ते बसवून गाडी पुढे काढत. मात्र आज बॉनेटखाली होते ते मॅटाडोरचे डिझेल इंजिन. पेट्रोल परवडेना म्हणून 1984 साली बसवलेले. पुस्तकात त्याची नोंद नाही.

याच सुमारास नाशिकचा एक दलाल दारात आला. वास कसा लागला कोण जाणे. ओसरीवर बसून चहा घेता घेता तो म्हणाला, "साहेब, काळजी करू नका. पितळी पाटी करून देतो, इंजिनावर पाहिजे तो नंबर पंच करतो. लष्कराच्या लिलावाचा कागदसुद्धा देतो. कागद चहाच्या पाण्यात बुडवून उन्हात टाकला, की सत्तर वर्षांचा होतो. साडेसहा काय, आठ येतील. माझे दहा टक्के."

मामेभावाने माझ्याकडे पाहिले. त्याला दोष देण्याची माझी छाती नाही. बाग उभी करायची होती आणि बँकेचा माणूस आठवड्याला फोन करत होता. मला नवल वाटले ते मामांचे. ते दलालाला म्हणाले, "लिलावाच्या कागदावर आमच्या वडिलांचं नाव येईल का?" तेव्हा कळले, मामांना पैशाचा मोह नव्हता. आयुष्यभर सांगितलेली गोष्ट कोणीतरी शिक्का मारून खरी करून देत होते.

दलाल गेल्यावर मी सांगितले, नंबर ठोकणे हा फौजदारी गुन्हा आहे आणि खोट्या कागदावर सही मामांची राहील, दलालाची नव्हे. मामा म्हणाले, "म्हणजे माझी गोष्ट खोटी, गाडी खोटी. द्या भंगारात." आणि उठून आत गेले. जेवायलाही आले नाहीत.

रात्री मामींनी मला ताट घेऊन आत पाठवले. मी मामांना विलायतेतला एक खटला सांगितला. खरा आहे, वाचकांनीही ऐकावा. बेंटली कंपनीची एक शर्यतीची गाडी होती, 'ओल्ड नंबर वन' नावाची. फ्रान्समधल्या ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत तिने 1929 आणि 1930 अशी दोन्ही वर्षे पहिला नंबर काढला. पुढे तिच्यात फेरबदल होत गेले. 1932 साली ब्रुकलंड्सच्या शर्यतीत ती उतरंडीवरून पलीकडे गेली आणि चालक क्लाइव्ह डनफी ठार झाला. गाडी पुन्हा बांधली गेली. 1990 साली तिच्या मालकाने ती एक कोटी पौंडांना विकायचे ठरवले. घेणारी कंपनी ऐनवेळी म्हणाली, ही ती गाडीच नव्हे, हिच्यात जुने उरलेय काय? खटला लंडनच्या हायकोर्टात गेला. न्यायाधीशांनी एकेक भाग तपासला. शर्यत जिंकली तेव्हाचे अगदी थोडे भाग उरलेले निघाले. तरी निकाल मालकाच्या बाजूने लागला. गाडी कधी मोडून संपली आणि दुसरी झाली असे नव्हते. एकच गाडी दुरुस्त होत, बदलत, हातोहात चालत आली होती, आणि तिचा इतिहास कुठे तुटला नव्हता. ती 'ओल्ड नंबर वन'च आहे, पण जशी कारखान्यातून आली तशी अस्सल आहे असे म्हणता येणार नाही, असा निवाडा झाला.

मामा भाकरी मोडत ऐकत होते. "मालकानं काय बदललं ते सांगितलं होतं का?"

"कोर्टात सगळंच निघालं, मामा."

सकाळी मी दात घासत होतो तर मामा शेजारी येऊन उभे राहिले. "बॉडीचं सांगतो. 1972 च्या दुष्काळात पाण्याची टाकी ओढताना जीप नाल्यात उलटली. गाडी मीच चालवत होतो. नानांना सांगितलं, ब्रेक लागला नाही. ब्रेक ठीक होता, मला डुलकी लागली होती. बॉडी चेपली ती नाशिकला बदलून घेतली. गोळीची म्हणतो ती खूण त्या नाल्यातल्या दगडाची आहे." बावन्न वर्षांनी ते हे बोलत होते. मी तोंडातली पेस्ट थुंकायचेही विसरलो.

"आणि जुनं इंजिन?" मी विचारले.

"कडब्याच्या गंजीखाली असंल."

खरोखरच होते. गोणपाट आणि उंदरांची बिळे काढून चौघांनी ते ओढून बाहेर काढले. ब्लॉकच्या उजव्या अंगाला तेलाच्या फिल्टरजवळ सपाट जागा असते, तिथे नंबर होता. एम.बी. आणि पुढचे आकडे, पुस्तकाशी तंतोतंत. मामेभाऊ त्या गंजक्या लोखंडापुढे उकिडवा बसून राहिला.

शेवटचा पुरावा माझ्या आईकडे निघाला. 1966 साली तिचे लग्न झाले, पाठवणी याच जीपमधून झाली आणि फोटोग्राफरने जीप निघताना मागून फोटो काढला होता. पन्नासदा पाहिलेला फोटो. त्यात आम्ही नेहमी आईचा पदर आणि आजोबांचा फेटा पाहत आलो. या वेळी मी भिंग लावून गाडी पाहिली. मागचा पत्रा आखा, त्याला लटकवलेले जादा चाक, शेजारी पेट्रोलचा डबा आणि खाली पुस्तकातलाच नंबर. आजोबांनी घेतली तेव्हा लढाईची बॉडीच होती, याला तो फोटो साक्षी.

मग मी आमच्या पंचनाम्याच्या पद्धतीने एक कागद लिहिला. चेसिस फोर्डचे, युद्धकाळातल्या बनावटीचे, नंबर पुस्तकाशी जुळतो, एक आकडा पुसट. 1949 पासून मालकी सलग, आधीचे माहीत नाही. युद्धात कुठे वापरली याचा पुरावा नाही. बॉडी 1972 साली बदलली, कारण अपघात. डिझेल इंजिन 1984 चे, नोंद केलेली नाही. पुस्तकातले पेट्रोल इंजिन सुटे उपलब्ध, चालू नाही. सोबत रोजमेळाच्या पानाची आणि फोटोची प्रत. मामांनी तो दोनदा वाचून घेतला आणि सही केली. 'युद्धात कुठे वापरली' या ओळीवर त्यांचे बोट जरा थांबले, एवढेच.

मुंबईचे गृहस्थ आले, तासभर गाडीखाली होते. बाहेर येऊन त्यांनी कागद वाचला आणि हसले. म्हणाले, आतापर्यंत ब्रह्मदेशातून आलेल्या बऱ्याच जीपा पाहिल्या, नाल्यात पडलेली ही पहिलीच. चेसिस, त्याच्या पुस्तकातले इंजिन आणि फोटो एका ठिकाणी मिळणे दुर्मिळ आहे, बॉडी आपण शोधू, असे त्यांचे म्हणणे. तीन लाख ऐंशी हजारांवर सौदा ठरला. साडेसहा नाहीत. मामेभाऊ दोन दिवस गप्प होता.

सरकारी बाजू मात्र लांबली. आजोबा 1979 साली वारले तरी गाडी त्यांच्याच नावावर. आपल्याकडे सातबाऱ्यावर मेलेल्या माणसांची नावे तशीच राहतात, त्यातलाच प्रकार. वारसाने गाडी नावावर करायला 31 नंबरचा फॉर्म असतो. नियमाने मृत्यूनंतर तीस दिवसांत कळवायचे आणि तीन महिन्यांत अर्ज करायचा. आम्ही पंचेचाळीस वर्षे उशिरा. बहिणींची संमती लागली. माझी आई सही करताना म्हणाली, "माझ्या वाट्याचं एक चाक काढून ठेवा." कार्यालयाच्या संगणकात गाडीचा मागमूस नव्हता. पुस्तकावरून जुनी नोंद चढवायला पाच खेपा झाल्या. पुस्तक नसते तर किती झाल्या असत्या, कल्पना करवत नाही. 2021 पासून पन्नास वर्षांपुढच्या, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांना 'व्ही.ए.' अक्षरांचा वेगळा नंबर देण्याची सोय केंद्राने केली आहे. पण मोठे फेरबदल झालेली गाडी त्यात बसत नाही. डिझेल इंजिन काढून जुने बसवल्यावर ते गृहस्थ त्या खटपटीला लागणार आहेत.

जूनमध्ये टेम्पो आला. मूळ फोटो मामांनी दिला नाही, प्रत दिली. रोजमेळही दिला नाही. पैसे बँकेत जमा झाल्याचा संदेश मामेभावाच्या फोनवर आला, तेव्हा जीप फळीवरून वर चढत होती आणि कोंबड्या शेडमध्ये रिकाम्या जागेभोवती फिरत होत्या. टेम्पोच्या तरुण ड्रायव्हरने मामांना विचारले, "बाबा, ही लढाईतली आहे का?"

मामा थोडे थांबले. "बनली लढाईसाठी. लढली का, ते ठाऊक नाही. ह्याच्या आईला मात्र हिच्यातूनच सासरी लावून दिली."

ड्रायव्हरने मान हलवली आणि दोर आवळायला घेतला. मामांनी त्याला दोनदा सांगितले, डावीकडची गाठ ढिली आहे.